अत्याचार ओळखण्याचे शिक्षण

बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला समजले, त्याने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे बंधन भारतात १४ नोव्हेंबर २०१२ पासून अस्तित्वात आहे. त्या दिवशी अमलात आलेल्या ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमा’च्या, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या ‘पॉक्सो’ कायद्याच्या, कलम १९ नुसार गुन्हा घडल्याची माहिती असणाऱ्या किंवा तो घडण्याची भीती वाटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने स्थानिक पोलिसांना अथवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचे असते. न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि तो संस्थेचा प्रमुख असून हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा त्याने दडवला असेल तर एक वर्षापर्यंत कैद व दंड होऊ शकतो. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर मात्र दिवाणी वा फौजदारी कारवाई करता येत नाही. कायद्याची ही रचना काटेकोर असली तरी एक गोष्ट तिने गृहीत धरली आहे, ती म्हणजे समोरच्या मुलावर काय गुदरले आहे हे शिक्षकाला, डॉक्टरला किंवा वसतिगृहाच्या गृहपालाला समजतेच. प्रत्यक्षात ते समजत नाही. समजले तरी त्यावर विश्वास बसत नाही, आणि विश्वास बसला तरी पुढच्या अर्ध्या तासात काय करावे हे ठाऊक नसते. मुलांशी, वृद्धांशी आणि दिव्यांग व्यक्तींशी कामानिमित्त रोज संबंध येणाऱ्यांचे प्रशिक्षण हा विषय याच जागी सुरू होतो.

या क्षेत्रात ‘असुरक्षित’ ही संज्ञा दोन गटांसाठी वापरली जाते. पहिला गट अठरा वर्षांखालील सर्व बालकांचा. दुसरा गट प्रौढांचा, पण वय, आजारपण, बौद्धिक वा शारीरिक दिव्यांगत्व किंवा परावलंबन यांमुळे ज्यांना स्वतःचा बचाव करणे अवघड जाते अशांचा. इंग्लंडच्या २०१४ च्या काळजीविषयक कायद्याने ही व्याख्या बरीच नेमकी केली असून, व्यक्तीला काळजीची गरज असणे, तिच्यावर अत्याचार होत असणे किंवा त्याचा धोका असणे, आणि त्या गरजेमुळेच तिला प्रतिकार करता न येणे, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या की स्थानिक प्रशासनाने चौकशी केलीच पाहिजे असे त्यात म्हटले आहे. भारतात प्रौढांसाठी असा एकच कायदा नाही. ज्येष्ठांसाठी २००७ चा, घरगुती हिंसेसाठी २००५ चा, दिव्यांगांसाठी २०१६ चा आणि मनोरुग्णांसाठी २०१७ चा अशा निरनिराळ्या कायद्यांत हे संरक्षण विखुरलेले आहे.

डॉक्टरांनाही ही दृष्टी उपजत नव्हती. १९६२ साली अमेरिकेतील डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या बालकांच्या लक्षणसमूहावर निबंध प्रसिद्ध केला, तोपर्यंत लहान बाळाच्या क्ष-किरण चित्रात भरून येण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरची अनेक हाडमोडी दिसली तरी आईबापांवर संशय घेणे वैद्यकीय सभ्यतेला धरून नाही, असा सर्वसाधारण समज होता. निबंधानंतर पाच-सहा वर्षांत अमेरिकेच्या जवळजवळ सर्व राज्यांनी डॉक्टरांवर माहिती देण्याचे बंधन घातले. आज हे ज्ञान इतके नेमके झाले आहे की ते तासाभरात शिकवता येते. धावत्या-खेळत्या मुलाच्या नडग्यांवर, गुडघ्यांवर, कपाळावर खरचटल्याच्या खुणा असायच्याच. परंतु चार वर्षांखालील मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर वळ असेल, अथवा अजून पालथेही न पडणाऱ्या तान्ह्या बाळाच्या अंगावर कुठेही काळेनिळे दिसले, तर सांगितलेल्या कारणाची खातरजमा केल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये. पडल्याने कानाच्या पाळीवर सहसा वळ उठत नाहीत. एवढे एक वाक्य अपघात विभागातल्या निवासी डॉक्टरच्या डोक्यात पक्के बसले तरी प्रशिक्षणाचा खर्च वसूल झाला असे म्हणता येईल.

मात्र ज्ञान असूनही डोळे झाकले जातात, याचा सर्वांत अभ्यासला गेलेला दाखला लंडनमधला आहे. व्हिक्टोरिया क्लिंबी ही मूळची आयव्हरी कोस्टची आठ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २००० मध्ये छळाने मरण पावली, त्याआधी रुग्णालये, पोलीस आणि समाजसेवा विभाग यांतील अनेकांनी तिला पाहिले होते; लॉर्ड लॅमिंग यांच्या २००३ च्या चौकशी अहवालात तिला वाचवता आले असते असे किमान बारा प्रसंग नोंदवलेले आहेत. तिच्या अंगावरच्या जखमा एका रुग्णालयात खरजेच्या ठरल्या, आणि नात्यातील ज्या स्त्रीकडे ती राहत होती तिच्यासमोर ती ताठ उभी राहते याचा अर्थ त्यांच्या संस्कृतीतला वडीलधाऱ्यांविषयीचा आदर असा लावला गेला. हा दुसरा भाग मराठी वाचकाला अधिक बोलका वाटावा, कारण वडीलधाऱ्यांचा धाक हा आपल्याकडे संस्कारांचा पुरावा मानला जातो आणि मान खाली घालून उभे असलेले मूल शिस्तीचे ठरते.

छत्रपती संभाजीनगरमध्ये हे प्रश्न शहराच्या रचनेमुळे एकत्र येतात. ‘घाटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात जालना, बीड, परभणी, हिंगोली इथून रुग्ण येतात. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यांत आईवडील पाळीवर गेल्यावर मुले शेजाऱ्यांच्या भरवशावर असतात. आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मागे आजी-आजोबांकडे, नातलगांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहणारी मुले हा तर सगळ्या मराठवाड्याचाच विषय आहे. याच शहराने ३० जून २०२५ रोजी एक असाधारण घटना पाहिली. छावणी परिसरातील मुलींच्या एका बालगृहातून नऊ मुली बाहेर पडल्या आणि जिल्हा न्यायालयाच्या दिशेने निघाल्या. त्यांनी केलेल्या छळाच्या तक्रारींची मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि विधिमंडळातही हा विषय गाजला. आरोपांचा निवाडा न्यायालयांनी करायचा आहे. प्रशिक्षणाच्या दृष्टीने त्यातली लक्षणीय बाब वेगळी आहे: काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांना आसरा देण्यासाठीच ही व्यवस्था उभारलेली, तिच्यावर बाल कल्याण समितीची देखरेख, तपासणी समितीच्या भेटी ठरलेल्या, आणि तरीही मुलींना आपले म्हणणे ऐकवण्यासाठी भिंतीबाहेर पडून न्यायालयाची वाट धरावीशी वाटली.

बाल कल्याण समिती म्हणजे बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात नेमलेले, एक अध्यक्ष आणि चार सदस्य असलेले मंडळ. त्याला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याइतके अधिकार असतात, आणि सदस्यांचे प्राथमिक प्रशिक्षण अधिसूचनेपासून दोन महिन्यांत व्हावे असे कायदाच सांगतो. प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेला बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा आणि त्यालाही योग्य प्रशिक्षण मिळावे, अशी तरतूद कलम १०७ मध्ये आहे. पॉक्सो कायद्याचे कलम ४३ पोलिसांसह सर्व संबंधितांना ठरावीक काळाने प्रशिक्षण देण्याची जबाबदारी केंद्र व राज्य सरकारांवर टाकते, आणि २०२० च्या नियमांनी शाळा, वसतिगृहे, क्रीडा प्रशिक्षण केंद्रे अशा मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या सर्व संस्थांना कर्मचाऱ्यांची पूर्वपडताळणी व नियतकालिक प्रशिक्षण बंधनकारक केले आहे. कागदावर उणीव कुठेच नाही. उणीव आहे ती प्रशिक्षण या नावाने जे घडते त्यात: दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, पाहुण्यांचा परिचय, कलमांचे वाचन, जेवण आणि प्रमाणपत्र यांत दिवस सरतो आणि सहभागी व्यक्ती कलमांचे क्रमांक घेऊन घरी जाते.

कलमे शिकवणे सोपे आहे. अवघड आहे ते ऐकायला शिकवणे. मूल सहसा सरळ सांगत नाही. ते अर्धवट सांगते, चाचपून पाहते, मैत्रिणीची गोष्ट म्हणून स्वतःची सांगते, किंवा ज्या घरात शिकवणीला जायचे त्या घराचे नाव काढले की पोट दुखल्याची तक्रार करते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी १९८३ साली वर्णिलेल्या क्रमात गुप्तता, असहायता, परिस्थितीशी जुळवून घेणे, उशिरा व अडखळत केलेला उच्चार आणि नंतर तो मागे घेणे असे टप्पे आहेत. त्यांपैकी शेवटचा टप्पा अप्रशिक्षित माणसाला सर्वाधिक फसवतो, कारण मुलीने ‘मी खोटं बोलले’ असे म्हटले की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. अत्याचार करणारा बहुधा ओळखीचाच असतो, आणि त्याच्या घरावर, तिच्या आईच्या पोटापाण्यावर काय परिणाम होईल हे मुलीला मोठ्यांइतकेच कळत असते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १३ राज्यांतील १२,४४७ बालकांच्या पाहणीत ५३ टक्क्यांहून अधिक बालकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते, आणि बहुसंख्यांनी तोपर्यंत ते कोणालाही सांगितलेले नव्हते.

म्हणून चांगल्या प्रशिक्षणाचा मोठा भाग नाट्यरूप सरावाचा असतो. एक शिक्षिका मूल होते, दुसरी ऐकते, बाकीच्या पाहतात. ऐकणारीच्या तोंडून निघणारे पहिले प्रश्न बहुधा ‘कधी?’, ‘कुठे?’ आणि ‘मग आधी का नाही सांगितलंस?’ हे असतात, आणि तिसऱ्या प्रश्नाबरोबर मुलाची भूमिका करणारी प्रौढ स्त्रीसुद्धा मिटून जाते, हे पाहणाऱ्यांना समोर दिसते. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न मुलाला दोषारोपासारखा ऐकू येतो. त्याऐवजी ‘बरं केलंस सांगितलंस’, ‘पुढे काय झालं ते तुला सांगावंसं वाटेल तेवढं सांग’ एवढेच म्हणून थांबायला शिकवले जाते. थांबणे हेच शिक्षकी पेशातल्या माणसाला सर्वांत कठीण जाते, हे सांगायला नको. त्याच सरावात दुसरी सवय मोडावी लागते, ती वचन देण्याची: ‘मी कुणाला सांगणार नाही’ असे म्हणणारी शिक्षिका दोनच मिनिटांत एक तर शब्द मोडते किंवा कायदा मोडते; उलट ‘तुला मदत करू शकतील अशा माणसांना मला सांगावं लागेल, पण सगळ्या शाळेला नाही’ हे वाक्य प्रामाणिक असून मुलाला पेलणारे आहे.

ऐकणाऱ्याने तपास करायचा नसतो, या नियमामागे एका फसलेल्या खटल्याचा धडा आहे. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन शिशुशाळेच्या प्रकरणात १९८३ पासून शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या, त्यांत उत्तर सुचवणारे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले गेले, आणि १९९० मध्ये खटला संपला तेव्हा एकही दोषसिद्धी झाली नव्हती. मुलांवर खरोखर काय घडले होते वा नव्हते हे त्या मुलाखतींमुळेच कायमचे गढूळ झाले. त्यानंतर मायकेल लॅम्ब आदी मानसशास्त्रज्ञांनी खुल्या प्रश्नांवर आधारलेली मुलाखतीची पद्धत सिद्ध केली. शाळेच्या पातळीवर त्याचा अर्थ साधा आहे. वहीत तारीख, वेळ, कोण हजर होते, आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे. मुलगी ‘काका गुदगुल्या करतात, मला नाही आवडत’ असे म्हणाली असेल तर तेच लिहायचे. ‘विद्यार्थिनीने विनयभंगाची तक्रार केली’ असे सुधारून लिहिले की बचाव पक्षाच्या वकिलाचे अर्धे काम मुख्याध्यापकांनीच करून ठेवलेले असते. नंतरची चौकशी ज्यांची, त्यांच्यासाठीही कायद्याने मर्यादा घातल्या आहेत: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यायचा, मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचे नाही, मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आणि न्यायालयात उलटतपासणीचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारायचे. या सगळ्या प्रवासात मुलाबरोबर राहण्यासाठी बाल कल्याण समिती ‘आधार व्यक्ती’ नेमू शकते, म्हणजे पुढची तारीख कोणती, भरपाईचा अर्ज कुठे करायचा, आरोपी समोर येणार का, असल्या प्रश्नांना उत्तर देणारा एक ओळखीचा चेहरा.

माहिती दडवण्याविषयी न्यायसंस्थेची भूमिका महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवले नाही असा आरोप होता, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि माहिती असून न कळवणे हा गंभीर अपराध असून अनेकदा तो गुन्हेगाराला वाचवण्याचा प्रयत्न असतो, असे मत नोंदवले. त्याच्या दोनच दिवस आधी, ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी, याच न्यायालयाने झारखंडमधील एका खटल्यात बलात्कार पीडितेची तथाकथित ‘दोन बोटांची चाचणी’ करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असे बजावले होते आणि वैद्यकीय अभ्यासक्रम तपासून ही चाचणी त्यातून काढावी, आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्याव्यात, असेही निर्देश दिले होते. ही अशास्त्रीय चाचणी पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकातूनच शिकवली गेली होती. तेव्हा प्रशिक्षणात नवे शिकवण्याइतकाच वेळ जुने विसरायला लावण्यात जातो, हे ओघानेच आले.

मराठवाड्यातील डॉक्टरपुढे येणारी सर्वांत गुंतागुंतीची परिस्थिती मात्र या दोन्ही निकालांच्या पलीकडची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांआधी झाले होते त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के, तर बीडमध्ये सुमारे ४४ आणि परभणीत ४८ टक्के आढळले. ग्रामीण रुग्णालयात सतरा वर्षांची विवाहित गर्भवती मुलगी सासूबरोबर तपासणीला येते, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ती पॉक्सोखालील पीडित असते, कारण अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध हा बलात्कारच, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये ठरवले आहे. डॉक्टरने कळवले तर नवऱ्यावर गुन्हा दाखल होतो. ही बातमी गावात पोचली की पुढची मुलगी रुग्णालयाऐवजी भोंदूकडे किंवा घरच्या घरी बाळंत होते. न कळवले तर डॉक्टर स्वतः आरोपी. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीच्या व तिच्या पालकांच्या विनंतीवरून डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही, अशी थोडी वाट मोकळी केली आहे. ती अनेक डॉक्टरांना माहीत नसते. तिच्यापलीकडे कोंडी कायम राहते, आणि ज्या प्रशिक्षणात तिची खुली चर्चा न होता केवळ ‘कळवा’ एवढेच सांगितले जाते, ते डॉक्टरला वयाच्या रकान्यात अठरा लिहायला शिकवते.

घाटीशी संबंधित एक प्रयत्न इथे सविस्तर पाहण्याजोगा आहे. मुंबईतील ‘सेहत’ या संशोधन संस्थेने बृहन्मुंबई महापालिकेबरोबर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात या शतकाच्या आरंभी ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले; रुग्णालयातच समुपदेशनाची खोली आणि रुग्णालयाच्याच कर्मचाऱ्यांना हिंसेची लक्षणे ओळखण्याचे शिक्षण, ही त्यामागची कल्पना. पुढे गेल्या दशकाच्या उत्तरार्धात जागतिक आरोग्य संघटनेबरोबर याच संस्थेने तेव्हाच्या औरंगाबाद (म्हणजे घाटी) आणि मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत स्त्रियांवरील हिंसेला आरोग्यसेवेने कसा प्रतिसाद द्यावा याचे प्रशिक्षण तपासून पाहिले. बाहेरून वक्ते आणण्याऐवजी त्याच रुग्णालयांतील डॉक्टर व परिचारिकांना आधी प्रशिक्षक म्हणून तयार करण्यात आले आणि त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना शिकवले. शिकवण्याचा गाभा जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच पायऱ्यांचा होता: लक्षपूर्वक ऐकणे, गरजा विचारणे, तिच्या सांगण्यावर विश्वास आहे हे दाखवणे, तिची सुरक्षितता वाढवणे आणि पुढच्या मदतीशी जोडून देणे. यांत सल्ला देणे कुठेच नाही, हे पाहून कित्येक अनुभवी डॉक्टरांना नवल वाटावे. अशा प्रशिक्षणाने दृष्टिकोन बदलतो; पण शेकडो रुग्णांच्या बाह्यरुग्ण विभागात एका स्त्रीशी एकांतात बोलायला खोली आणि दहा मिनिटे कुठून आणायची, हा प्रश्न प्रशिक्षकाच्या हातातला नसतो. शासकीय रुग्णालयात पडद्याआडच्या कोपऱ्यालाच एकांत म्हणण्याची पद्धत आहे, आणि पडद्याला कान असतात.

प्रौढांच्या बाबतीत ‘कळवा’ हा नियम जसाच्या तसा लागू करता येत नाही. मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार समाजाला आहे असे कायदा मानतो. सत्तर वर्षांच्या शुद्धीतल्या स्त्रीच्या वतीने तो नसतो. सिडकोतल्या एखाद्या घरातून मनगट मोडलेली वृद्धा रुग्णालयात येते, डॉक्टरच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मुलगाच देतो, औषधाच्या मात्रेपासून पडल्याच्या वेळेपर्यंत. अशा वेळी क्ष-किरणाच्या निमित्ताने तिला एकटीला आत नेऊन विचारणे हे प्रशिक्षणात शिकवले जाणारे साधे तंत्र. ती ‘माझा मुलगाच मला ढकलतो, पण त्याला पोलिसात देऊ नका’ म्हणाली तर? तिची निर्णयक्षमता शाबूत असेल तर तिच्या इच्छेविरुद्ध तक्रार करण्याने तिचे उरलेसुरले छप्पर जाऊ शकते. तेव्हा तिला ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्याची माहिती द्यायची, उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो आणि सांभाळण्याच्या अटीवर करून दिलेले बक्षीसपत्र अट मोडल्यास रद्द ठरवून घेता येते हे समजावायचे, १४५६७ हा ज्येष्ठांचा मदत क्रमांक लिहून द्यायचा, नोंद ठेवायची आणि पुन्हा तपासणीला बोलवायचे. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा बौद्धिक दिव्यांग प्रौढाच्या बाबतीत गणित पुन्हा बदलते. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ नुसार अशा व्यक्तीवरील अत्याचाराची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो. वृद्धांच्या आर्थिक पिळवणुकीत तर पहिला साक्षीदार डॉक्टर नसतोच. श्रावणबाळ योजनेच्या पैशांसाठी अंगठा उठवायला दर महिन्याला एकाच नातलगाबरोबर येणारी, पण रोकड कधीच हातात न घेणारी म्हातारी बँकेच्या कॅशियरला दिसते, आणि त्याला कोणी कधी प्रशिक्षणाला बोलावल्याचे सहसा ऐकिवात येत नाही.

संस्थांमध्ये राहणाऱ्या दिव्यांगांची स्थिती याहून बिकट, कारण तिथे अत्याचार करणारा आणि काळजी घेणारा एकच असू शकतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातल्या कवडास येथील मतिमंद मुलांच्या निवासी संस्थेच्या दुरवस्थेच्या बातम्यांवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. त्यानंतर राज्यातील अशा संस्थांच्या पाहणीला जोर आला, २०११ मध्ये पनवेलजवळच्या एका संस्थेतील मुलींवरचे अत्याचार उघडकीस आले आणि २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला दोषी ठरवले. त्या मुलींपैकी अनेकींना नीट बोलता येत नव्हते. न बोलणारी व्यक्ती वागण्यातून सांगते: अंघोळीला नकार, एका विशिष्ट माणसाची चाहूल लागताच कोपरा धरणे, एकाएकी सुरू झालेले अंथरूण ओले करणे. अप्रशिक्षित काळजीवाहक या सगळ्याची नोंद ‘दंगा करते’ अशी करतो आणि डॉक्टर झोपेचे औषध वाढवून देतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन लहानग्या मुलींवरील अत्याचाराने आणि तक्रार नोंदवण्यातील दिरंगाईने राज्य हादरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि शासनाने शाळांत सीसीटीव्ही कॅमेरे, तक्रारपेट्या, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांसाठी आदेश काढले. यांपैकी कॅमेरे सर्वांत लवकर बसले, कारण ते विकत मिळतात. त्या मुली शिशुवर्गातल्या होत्या, त्यांना तक्रारपेटीत टाकायला चिठ्ठी लिहिता येणार नव्हती, आणि स्वच्छतागृहात कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये. अशा मुलांच्या बाबतीत शाळेजवळ एकच उपकरण असते, ते म्हणजे मुलीला स्वच्छतागृहात नेणाऱ्या मदतनीस बाईंचे लक्ष. प्रशिक्षणाच्या यादीत मदतनीस, व्हॅनचालक, स्वयंपाकी आणि पहारेकरी हे शेवटी येतात, बहुधा येतच नाहीत. मोठ्या मुलांसाठी पेटी उपयोगी पडते, मात्र ती कुठे टांगायची यालाही शास्त्र आहे. बालगृहांसाठीच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार पेटी कार्यालयापासून दूर, मुलांच्या राहत्या जागेजवळ हवी, तिची किल्ली संस्थेकडे न राहता व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे हवी, आणि ती दर आठवड्याला मुलांच्या समितीसमोर उघडायला हवी. अधीक्षकांच्या टेबलासमोरच्या भिंतीवरची पेटी वर्षभर रिकामी राहते, आणि ‘तक्रारी निरंक’ असा अहवाल वर जातो.

हा निरंक अहवालच प्रशिक्षणाच्या मूल्यमापनातला मोठा अडसर आहे. ज्या शाळेतल्या शिक्षकांना ऐकता येऊ लागते, तिथे पहिल्या वर्षी नोंदी वाढतात. ज्या रुग्णालयात डॉक्टर विचारू लागतात, तिथे हिंसेची प्रकरणे एकाएकी दिसू लागतात. संस्थाचालकांना ही बदनामी वाटते, पालकसभेत प्रश्न उठतात, आणि पुढच्या वर्षी प्रशिक्षणाला गेलेल्या शिक्षिकेवर ‘नसते उद्योग’ केल्याचा ठपका येतो. आढावा बैठकांत विचारले जाते ते किती कार्यशाळा झाल्या आणि किती जण हजर होते एवढेच. वर्षानुवर्षे निरंक कळवणाऱ्या निवासी संस्थेची तपासणी आधी करायची आणि चार नोंदी करून त्या पोलिसांपर्यंत नेणाऱ्या संस्थेला कारणे दाखवा नोटीस न पाठवता तिच्या मुख्याध्यापिकेला पुढच्या प्रशिक्षणात शिकवायला बोलवायचे, एवढा बदल जिल्हा पातळीवर करायला नव्या कायद्याची गरज नाही. त्यासाठी आढाव्याच्या तक्त्यातला एक रकाना बदलावा लागेल.